बटणं पाठ झाली, पण पुढे काय? डिजिटल कौशल्यं तपासायची कशी

खडूफळा

संगणकाच्या प्रात्यक्षिकात २० पैकी २० मिळवणारी मुलगी दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर समोर आलं की म्हणते, "सर, हे आम्हाला शिकवलंच नाही." ती काही खोटं बोलत नाही. मग ते २० गुण आपण नेमके कशाचे दिले?

मी हायस्कूलला संगणक आणि थोडं विज्ञान शिकवतो. इथे शिक्षक बरेच आहेत, आयटीवाले त्याहून जास्त, म्हणून धागा काढतोय. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

आपली मार्किंग स्कीम बघा. शीर्षक ठळक आणि मध्यभागी, १ गुण. तक्ता, २. बेरजेचा फॉर्म्युला, २. आलेख, ३. तपासायला सोपी, वादाला जागा नाही, पालक भांडायला आले तर दाखवायला कागद तयार. पण यात तपासलं काय जातं? कुठलं बटण कुठे आहे ते. ऑफिस २००७ मध्ये जुने मेनू जाऊन रिबन (वरची बटणांची पट्टी) आली, तेव्हा वर्षानुवर्षं त्यावर हात बसलेली माणसं 'प्रिंट कुठे गेलं' म्हणून शोधत बसली होती. इतकं नाशवंत ज्ञान, आणि निम्मे गुण त्यालाच.

शिकलेलं आपोआप दुसरीकडे वापरता येतं (याला 'ट्रान्सफर' म्हणतात) हे आपण धरून चालतो. तसं ते होत नाही हे फार जुनं आहे. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्ये लोकांना आयतांच्या क्षेत्रफळाचा अंदाज करायला शिकवलं. आयतांत ते तयार झाले, पण आकार बदलला की ती तयारी फारशी उपयोगी पडेना. मला त्याहून पटतो तो १९८० चा गिक आणि होलिओक यांचा प्रयोग. पोटात गाठ आहे, तीव्र किरण सोडले तर गाठ जळते पण वाटेतलं निरोगी मांसही जळतं, काय कराल? उत्तर असं की सौम्य किरण अनेक बाजूंनी सोडायचे, ते गाठीवर एकत्र येतील. हे सुमारे १० टक्के लोकांना सुचलं. काही जणांना आधी एक गोष्ट वाचायला दिली होती, त्यात सेनापती फौजेच्या तुकड्या करून वेगवेगळ्या रस्त्यांनी किल्ल्यावर पाठवतो. म्हणजे उत्तर हातातच दिलेलं. तरी ते साधारण ३० टक्क्यांनाच सुचलं. 'त्या गोष्टीचा उपयोग होईल' एवढं सांगितल्यावर मात्र तीन चतुर्थांश लोकांनी सोडवलं. गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, ती इथे लागू पडते हे दिसत नव्हतं.

हे 'दिसणं' आपण कुठल्या रकान्यात मोजतो?

आता एक उदाहरण. वर्गाने नोंदवलेल्या तापमानांची एक फाइल मी देतो आणि सरासरी काढायला सांगतो. फाइल मुद्दाम बिघडवलेली असते. काही आकड्यांपुढे 'अंश' लिहिलेलं, कुठे दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम, एका ठिकाणी २५.५ चं २५५ झालेलं. फॉर्म्युला चालतो, उत्तर येतं, लाल चौकट-बिवकट काही येत नाही. अशा वेळी बहुतेक मुलं आलेलं उत्तर उतरवून मोकळी होतात. एका मुलाने स्क्रीन बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाला, "सर, हे तीन आकडे डाव्या कडेला का चिकटलेत? बाकीचे उजवीकडे आहेत." त्याला कोणी सांगितलं नव्हतं की स्प्रेडशीट संख्या उजवीकडे लावते आणि अक्षरं डावीकडे. कडेवरून त्याला संशय आला, मग त्याने बेरीज करून पाहिली, ते तीन आकडे धरलेच जात नव्हते. शेजारच्या मुलीने २५५ ची सरळ चूक काढली, "एवढं तापमान असतं का?" म्हणून. तिसऱ्याने सगळे आकडे नीट बघून, २५५ चं २५.५ करून, फोनच्या कॅल्क्युलेटरवर सरासरी काढली आणि उत्तर बरोबर लिहिलं. शेवटी, बाकीच्या चुकाही दुरुस्त झाल्यावर, तिघांच्या कागदावर एकच उत्तर. मार्किंग स्कीमनुसार तिघांना सारखे गुण.

हे शाळेपुरतं राहत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून करोनाचे १५,८४१ रुग्ण गायब झाल्याचं उघडकीला आलं. प्रयोगशाळांचे अहवाल जुन्या एक्सेल फाइलींत भरले जात होते, त्या फाइलीत ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. वरच्या ओळी मुकाट्याने गळल्या. त्या लोकांना एक्सेल येत नव्हतं का? येतच असणार. आत गेल्या किती आणि बाहेर आल्या किती, एवढं मोजायचं राहिलं.

म्हणून सध्या मी तीन गोष्टी करून बघतोय. सत्रातून एकदा मुलांनी कधीच न पाहिलेलं सॉफ्टवेअर देतो आणि ती कुठे हात घालतात ते बघतो. मदतपान उघडतात, उजवी कळ दाबून बघतात, फाइलची प्रत काढून मग खेळतात, की हात वर करून बसतात? दुसरं, तयार प्रोजेक्ट घेऊन दोन-तीन प्रश्न तोंडी, 'हा आलेख गोल का, उभा का नाही?' या धर्तीचे. तिसरं म्हणजे फाइलचा व्हर्जन इतिहास, तिच्यात केव्हा काय बदललं याची नोंद. रात्री अकराला एका फटक्यात चिकटवलेला मजकूर आणि आठवडाभर खोडून-लिहून झालेला मजकूर त्यात वेगळे दिसतात. यातला पहिला प्रकार मला सगळ्यात खरा वाटतो.

आता अडचण, तिच्यासाठीच हा प्रपंच. नवखेपण एकदाच वापरता येतं. पहिल्या तुकडीला दिलेली फाइल मधल्या सुट्टीत दुसऱ्या तुकडीला कळते. आणि रुब्रिकमध्ये (कशाला किती गुण ते सांगणाऱ्या तक्त्यात) 'माहितीची शहानिशा केली, २ गुण' असं लिहिलं की पुढच्या वेळी प्रत्येक प्रोजेक्टच्या शेवटी 'मी माहितीची शहानिशा केली आहे' हे वाक्य येतं. शहानिशा येत नाही. जे मोजायचं ते जाहीर केलं की ते निसटतं, आणि जाहीर न करता गुण कापले तर तो अन्याय. तुम्ही लोक यातून कशी वाट काढता?

---

टेस्टर_बाबा

मस्त धागा. आमच्याकडे मुलाखतीत हेच करतात, चालणारं काहीतरी मोडून समोर ठेवतात. तुम्ही सांगितलेला डाव्या कडेचा मुलगा मोठा झाला की पाठवून द्या :)

पण एक खडा टाकतो. 'बटणांचं ज्ञान नाशवंत' हे खरं असलं तरी ते तुच्छ नाही. ज्याला कॉपी-पेस्ट करायलाच डोकं लावावं लागतं, त्याच्याकडे संशय घ्यायला डोकं उरत नाही. हात आधी बसू द्या. आणि २५५ पकडणाऱ्या मुलीने मुळात डिजिटल कौशल्य दाखवलंच नाही, तिला तापमान म्हणजे काय ते माहीत होतं. त्याच जागी एखाद्या रसायनाची घनता असती तर तिने तो आकडा निमूटपणे गिळला असता. त्यामुळे 'कुठेही वापरता येणारं कौशल्य' असं काही सुटं, हवेत तरंगणारं असतं का, याचीच मला शंका आहे.

खडूफळा

@टेस्टर_बाबा, दुसरा मुद्दा नेमका लागला. म्हणूनच हे काम विज्ञानाच्या, भूगोलाच्या तासाला व्हायला हवं, संगणकाच्या स्वतंत्र तासाला नाही, असं माझं मत होत चाललंय. वेळापत्रक करणाऱ्यांना ते पटवणं वेगळी लढाई आहे. पहिल्याबद्दल, हात बसवण्याला विरोध नाहीच. सहावी-सातवीपर्यंत बटणांना गुण द्या की. नववीतही तेच मोजत बसतो, हे खटकतं.

---

भूमितीवाली

निवृत्त आहे, गणित शिकवायचे. विचार चांगले, पण मला काळजी न्यायाची वाटते.

'कुठे हात घालतात ते बघतो' म्हणालात. बघणारे तुम्ही. दुसऱ्या तुकडीला दुसरे सर. त्यांना प्रश्न विचारणारी मुलं आगाऊ वाटतात, तुम्हाला तीच हुशार वाटतात. गुण कुणाच्या नजरेने द्यायचे? स्टार्च आणि इलियट या दोघांनी १९१२-१३ मध्ये एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांना तपासायला पाठवली होती. भाषेच्या पेपरात गुणांत प्रचंड तफावत आली, तेव्हा लोक म्हणाले भाषाच ती, असं व्हायचंच. मग त्यांनी भूमितीची एक उत्तरपत्रिका पाठवली. तिला कुणी २८ दिले, कुणी ९५. भूमितीला! तुमची ती कंटाळवाणी मार्किंग स्कीम या गोंधळावरचा उतारा म्हणून आली आहे. ती काढण्याआधी तिच्या जागी काय ठेवणार ते ठरवा.

लाजरी मुलं हा आणखी एक भाग. तोंडी परीक्षेत बोलकं मूल तरतं. ज्याला सगळं समजलंय पण समोर माणूस दिसला की जीभ टाळ्याला चिकटते, त्याचं काय?

खडूफळा

ताई, २८ ते ९५ वाचून हबकलो. खरंच अवघड प्रश्न आहे. लाजऱ्या मुलांना मी उत्तर रेकॉर्ड करून द्यायची मुभा देतो, एकट्याने बसून, हव्या तितक्या वेळा. त्यातली काही मुलं फार सुरेख बोलतात. नजरेच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

भूमितीवाली

एक सुचवू? गुण देऊ नका, तुलना करा. थर्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्येच मांडलंय ते. एका कामाला १० पैकी ६ की ७ हे ठरवताना माणूस डळमळतो, पण दोन कामं शेजारी ठेवून 'यातलं सरस कुठलं' विचारलं तर बऱ्यापैकी ठामपणे सांगतो. पाच-सहा शिक्षकांनी जोड्या वाटून घ्यायच्या, प्रत्येक काम बऱ्याच जोड्यांत आलं की क्रम आपोआप लागतो. हिशेब संगणक करतो. मी निवृत्त व्हायच्या आधी निबंधांवर करून पाहिलं होतं. सहकाऱ्यांचं एकमत बघून मलाच नवल वाटलं.

टेस्टर_बाबा

हे भारी आहे. बुद्धिबळाचं रेटिंगही साधारण याच तत्त्वावर चालतं.

---

आई_ऑनलाइन

पालक म्हणून वाचतेय. आमच्या कन्येला 'सगळं येतं'. व्हिडिओ एडिट करते, त्याला गाणी लावते, फिल्टर लावते. परवा एक फॉर्म भरायचा होता, त्यात फाइल जोडायची होती. फाइल कुठे सेव्ह झाली ते तिला सापडेना. 'फोल्डर म्हणजे काय, सर्च करायचं ना' म्हणाली. तिला काय येतं आणि काय येत नाही हे प्रगतिपुस्तकावरून मला आजवर कळलेलं नाही. श्रेणी तेवढी असते, अ.

खडूफळा

सगळीकडे हेच आहे. २००१ मध्ये मार्क प्रेन्स्की यांनी 'डिजिटल नेटिव्ह' (डिजिटल जगातच जन्मलेली पिढी) हा शब्दप्रयोग रूढ केला, तेव्हापासून मुलांना हे जन्मतःच येतं अशी समजूत पसरली. २०१८ मध्ये आठवीच्या मुलांची आंतरराष्ट्रीय संगणक-साक्षरता चाचणी झाली (आयसीआयएलएस), त्यात सर्वांत वरच्या पातळीला, म्हणजे माहिती स्वतः शोधून-पारखून वापरण्याच्या पातळीला, फक्त २ टक्के मुलं पोचली. फोन हातात असणं आणि हे येणं यांचा संबंध आपण समजतो तेवढा नाही.

---

जुनंतेसोनं

माफ करा, पण हे सगळं फार भरल्या पोटीचं चिंतन वाटलं. मुलाला टायपिंग आलं, तक्ता आला, पत्र लिहिता आलं की तो पोटाला लागतो. ऑफिसात साहेब विचारतो का, 'तुझी विचारप्रक्रिया काय होती?' काम झालं का, एवढंच विचारतो. सोपं ते शिकवा, सोपं ते तपासा.

आकडेमोडी

@जुनंतेसोनं, मी त्या ऑफिसातच असते, म्हणून बोलते. हिशेबखात्यात आहे. साहेब विचारप्रक्रिया विचारत नाही हे बरोबर. बेरीज चुकली की मात्र कुणी चुकवली ते विचारतो.

आमच्याकडे नवीन मुलं येतात, एक्सेल झकास येतं, रंगीत तक्ते करतात. फॉर्म्युला खाली ओढतात, संदर्भ जागीच ठेवणारं डॉलरचं चिन्ह घालायचं राहिलेलं असतं, संदर्भ एकेक ओळ घसरत जातो आणि सगळा कॉलम चुकतो. दिसतो मात्र देखणा. मी त्यांना पहिल्या दिवशी एकच सांगते, काम सुरू करायच्या आधी मूळ कागदावरची एकूण बेरीज आणि नोंदींची संख्या बाजूला लिहून ठेवायची आणि शेवटी ताडून बघायची. ही काही संगणकाची देणगी नाही, खतावण्या हाताने लिहायचे तेव्हापासून चालत आलेली रीत आहे. सॉफ्टवेअर बदलली, ही रीत मला प्रत्येकात उपयोगी पडली. खडूफळांनी सांगितलेले ते इंग्लंडचे रुग्ण एवढ्यानेच सापडले असते.

मोठमोठे फसतात हो. राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामांकित अर्थतज्ज्ञांच्या सरकारी कर्जावरच्या २०१० च्या लेखात सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच देश धरायचेच राहिले होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. यादी अकारविल्हे होती, वरचे पाच सुटले. २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याला वर्गाचा गृहपाठ म्हणून ते आकडे पुन्हा काढताना हे सापडलं. लेखात इतरही वादाचे मुद्दे होते, पण हा निव्वळ निवडलेल्या ओळींचा घोळ.

खडूफळा

आकडेमोडी, 'गृहपाठ म्हणून' हे फार आवडलं. छापून आलेलं एखादं काम द्यायचं आणि तेच आकडे येतात का बघायला सांगायचं, हा प्रात्यक्षिकाचा प्रश्न म्हणून उत्तम आहे. त्यात जनुकांचंही उदाहरण घेता येईल. सेप्ट२, मार्च१ अशा जनुकांच्या नावांना एक्सेल तारीख समजायचं. २०१६ च्या एका तपासणीत, ज्या शोधनिबंधांसोबत जनुकांच्या एक्सेल याद्या होत्या त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्यात असल्या चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअर जिंकलं!

जुनंतेसोनं

बरं, ताडून बघायची सवय हे मान्य. पण मग तेवढंच सांगा ना, 'ट्रान्सफर' वगैरे मोठे शब्द कशाला.

---

ढगवाला

सगळे एआय विसरलात का? २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं तेव्हाच प्रोजेक्ट तपासणं संपलं. तापमानाची फाइल त्याला द्या, डावी कड, उजवी कड, सगळं सांगेल. व्हर्जन इतिहासही खोटा करता येतो, बघून बघून टाइप केलं की झालं. मग मोजताय काय?

खडूफळा

विसरलो नाही, मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण तो विषय निघाला की बाकी सगळं वाहून जातं.

आधी पकडापकडीबद्दल. एआय-मजकूर ओळखणारी साधनं वापरून मुलांना शून्य देऊ नका, हात जोडून विनंती. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं तसलं साधन अचूकता कमी म्हणून २०२३ च्या जुलैमध्ये बंद केलं. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात, इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राने लिहिलेले ठरवले. साधी, मोजक्या शब्दांची भाषा लिहिली हाच त्यांचा गुन्हा.

आणि मोजायचं काय, तर यंत्राने दिलेलं उत्तर हातात आल्यावर मूल काय करतं ते. फाइल त्याला जरूर द्या. ते 'तीन आकडे अक्षरं आहेत' म्हणालं, तर खरंच तीनच आहेत का, हे कसं ताडून बघाल?

परीक्षानळी

विज्ञान शिकवते. मी हेच करतेय. एआयचं एक पानभर उत्तर छापून देते, त्यात एक चूक पेरलेली असते. मुलांनी कुठे शंका आली ते अधोरेखित करायचं आणि शंका कशी फेडली ते समासात लिहायचं. उत्तर बरोबर-चूक याला गुण नाहीत, समासातल्या मजकुराला आहेत.

यात एक दिसलं. मुलं त्याच पानात खोल खोल शिरतात, तेच वाक्य चार वेळा वाचतात. बाहेर जाऊन दुसरीकडे बघत नाहीत. वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये दाखवलं होतं ते अगदी हेच. त्यांनी इतिहासाचे १० तज्ज्ञ, स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी आणि १० व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी ते पानच बारकाईने वाचत बसले, लोगो आणि भारदस्त नाव बघून फसले. तपासनीस लगेच पान सोडून बाहेर गेले, नवे टॅब उघडले, बाकीचे लोक या संस्थेबद्दल काय म्हणतात ते बघितलं आणि थोड्या वेळात निकाल दिला. शाळेत आपण 'नीट वाच, पुन्हा वाच' शिकवतो. इथे नीट वाचणंच आड येतं.

आई_ऑनलाइन

हे घरी करून बघणार! वाचनखूण साठवली.

टेस्टर_बाबा

@परीक्षानळी, दोनदा केलंत की मुलांना कळेल की पानात एक चूक असतेच. मग ती तपासणार नाहीत, चूक शोधणार. दोन्ही वेगळं आहे. आमच्याकडे नवीन टेस्टरला हा रोग होतो, काही सापडलं नाही तर आपण काम केलं नाही असं वाटतं, मग काहीतरी उकरून काढतात. मधूनच एक अगदी निर्दोष पान द्या.

परीक्षानळी

अरे हो! आणि 'यात काही चूक नाही, हे मी असं असं बघितलं' या उत्तराला पूर्ण गुण.

खडूफळा

धाग्याचं चीज झालं. माझी नवखेपण संपण्याची अडचण यातून निम्मी सुटते. फाइल बिघडलेली असते हे दुसऱ्या तुकडीला कळलं तरी हरकत नाही, कारण काही मुलांच्या फाइलीत बिघाडच नसेल. आकडेमोडींची रीत दोन्हीकडे सारखीच वापरावी लागेल. रुब्रिकमध्ये 'शहानिशा केली' ऐवजी 'काय आकडा ताडून पाहिला आणि तो किती आला' असं विचारेन. ते नुसत्या वाक्याने भागत नाही, आकडा लिहावा लागतो.

ढगवाला

आकडाही एआय देईल :)

आकडेमोडी

देऊ दे की. मूळ फाइलीतल्या आकड्याशी जुळतो का ते कोण बघणार?

---

नवीशिक्षिका

पहिल्यांदाच लिहितेय. एवढं सगळं करायला वेळ कुठून आणता? वर्गात ६० मुलं. प्रत्येकाला तोंडी पाच मिनिटं म्हटली तरी पाच तास झाले. अभ्यासक्रम कधी संपवायचा? आणि गुण नसतील तर मुलं ढुंकून बघत नाहीत, हा माझा अनुभव.

खडूफळा

सगळ्यांना एका वेळी नाहीच विचारायचं. बाकीचा वर्ग कामात असताना दर तासाला चार-पाच जण, चिठ्ठी काढून. सत्रात सगळे होतात. कुणाची चिठ्ठी निघेल माहीत नसतं, त्यामुळे सगळेच आपापलं काम समजून घेऊन येतात. सॉफ्टवेअर बदलून देण्याचा प्रयोग मात्र मी जोड्यांत करतो, म्हणजे निरीक्षण निम्मं होतं आणि मुलं आपसांत बोलतात ते फुकटात ऐकायला मिळतं. 'थांब, आधी प्रत काढ' हे एकाने दुसऱ्याला म्हटलेलं ऐकलं की मला वेगळी परीक्षा लागत नाही.

गुण नसतील तर बघत नाहीत, हे खरंच. रूथ बटलर यांचा १९८८ चा एक अभ्यास सांगतो. एका गटाला फक्त गुण दिले, एकाला फक्त शेरे, एकाला दोन्ही. फक्त शेरे मिळालेली मुलं पुढच्या कामात सरस ठरली. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा फारसा फायदा झाला नाही, आकडा दिसला की खालचं कोण वाचतं! तेव्हा माझा बेत असा, आकारिकमध्ये (सत्रभर चालणाऱ्या तपासणीत) फक्त शेरे, संकलितला (सत्राअखेरच्या परीक्षेला) गुण. आमच्या शाळेत ते मंजूर होईल का ठाऊक नाही, पोर्टलवर शेऱ्याचा रकानाच आकड्यानंतर उघडतो.

भूमितीवाली

शेरे म्हणजे 'छान', 'सुधारणा हवी' नव्हे. 'बेरीज ताडून पाहिलीस, नोंदी मोजायच्या राहिल्या', असं. एका ओळीत मावतं. नवीशिक्षिका, सगळ्यांना लिहायला जाऊ नका, कंटाळून सोडून द्याल. एका वेळी दहा वह्या.

जुनंतेसोनं

हे पटलं. बाकी चालू द्या.

नवीशिक्षिका

धन्यवाद ताई, सर. चिठ्ठीचं करून बघते. ती तापमानाची फाइल मिळेल का?

खडूफळा

मुलांची नावं काढून चार-पाच फाइली करतो आणि दुवा इथेच देतो. कुठली निर्दोष आहे ते मात्र धाग्यावर लिहीत नाही, आमच्या वर्गातली दोन कार्टी इथली सदस्य आहेत.

भूमितीवाली

मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा मग.